सरबत गोठवणाऱ्या यंत्राबाबत

मु. खालची वस्ती, नांदूरघाटजवळ
वैशाख वद्य अष्टमी

ती. बद्रीनाथराव यांना मोहनरावाचा रामराम.

तुमची आणि शिवकन्यावहिनींची प्रकृती बरी असेल असं धरून चालतो. इथं सगळं ठीक आहे, गुडघे सोडून. ते अकरा दिवसांपासून दुखतात. आधीही दुखायचे, पण रोज दिवेलागणीला बायनाबाई नारायणगडच्या जत्रेतून आणलेलं कापराच्या वासाचं औषध चोळायची आणि दुखणं दुसऱ्या दिवसावर जायचं. अकरा दिवसांपासून ती तुमच्याकडे आहे. आपली बहीण एकटी पिशवी घेऊन का आली, हे तुम्ही तिला विचारलं असेल आणि तिनं सांगितलं नसेल. हे पत्र त्याबद्दल नाही. तुम्ही पाठवलेल्या यंत्राबद्दल आहे. (ती शेजारी बसली असेल तर मोठ्यानं वाचू नका. वाचलंच तर यंत्राचा भाग तेवढा वाचा.) फोनवर बोलता आलं असतं. मी तीनदा केला. तिन्ही वेळा तुम्ही उचललात आणि ती आंघोळीला गेली आहे असं सांगितलंत. पुण्यात माणसाला दिवसातून तीनदा आंघोळ घालण्याइतकं पाणी आहे हे वाचून (म्हणजे ऐकून) समाधान वाटलं. आमच्याकडे टँकर नवव्या दिवशी येतो.

तर यंत्र. तुमच्या निवृत्तीला कचेरीतल्या लोकांनी ते तुम्हाला दिलं, डॉक्टरांनी तुमचं थंड बंद केलं, आणि तुम्ही ते ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकून केजला पाठवलंत. सोबत एका ओळीची चिठ्ठी होती : दाजी, उन्हाळ्यात उपयोगी पडेल. खोक्यावर समुद्र होता. समुद्राकाठी काही माणसं कमी कपड्यांत बसली होती, त्यांच्या हातात बर्फाळ दारूचे पेले आणि प्रत्येक पेल्यात एक कागदी छत्री. ते चित्र मी बराच वेळ पाहिलं. आमच्या घरातली छत्री मागच्या वर्षी दोनदा उघडली, दोन्ही वेळा उन्हासाठी. यंत्र दिसायला बरं आहे. वर झाकण, पुढं तोटी, मध्ये एक थंड होणारी नळी आणि तिच्याभोवती फिरणारं मळसूत्र. वरून सरबत ओतायचं, मळसूत्र ते हलवत राहतं, नळीला चिकटलेला बर्फ खरवडत राहतं, आणि अर्ध्या तासानं तोटीतून भिजलेल्या साखरेसारखा गारवा पडतो. यंत्राला वीज लागते. आमची वीज दुपारी एक ते चार असते. म्हणून जे काही घडलं ते भर दुपारी घडलं, हे आधीच सांगतो. अंधारात चोरून काही केलेलं नाही.

पहिल्या दिवशी मी फक्त कैरीचं पन्हं घातलं. गूळ, वेलदोडा आणि दोन तांबे प्यायचं पाणी. (दोन तांबे पाणी कमी झालं म्हणून त्या दिवशी मी दाढी केली नाही.) बायनाबाई दारात उभी राहून म्हणाली, "कळशीभर पाणी यंत्राला पाजा, म्हशीला नको." म्हैस तेव्हा चारा छावणीत होती, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं नाही. पन्हं चांगलं गोठलं. तिनं एक पेला खाल्ला. मग रिकामा पेला पुन्हा पुढं केला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तिनं एखादी वस्तू दुसऱ्यांदा मागितल्याचं मला आठवत नाही. तिथंच थांबायला हवं होतं. पण यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेचं पुढचं पान दारूचं होतं.

इथं माझ्या दारूबद्दल थोडं सांगावं लागेल. तुम्हाला ती माहीत आहे, पण जेवढी माहीत आहे तेवढी आता मलाच कमी वाटते. आठ वर्षांपूर्वी अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी यकृताला सूज आहे म्हणून पूर्ण बंद करायला सांगितली. मी घरी येऊन बायनाबाईपुढं तडजोड मांडली : आठवड्यातून एकदा, रविवारी, पन्नास मिलिलिटर. दूध संस्थेच्या मापानं. ती लगेच हो म्हणाली. एवढ्या लवकर हो म्हणणारा सभासद मी सहकारात पाहिला नव्हता, तेव्हाच संशय यायला हवा होता. तेव्हापासून एक बाटली पंधरा रविवार पुरते. प्रत्येक रविवारी माप घेतलं की मी बाटलीवरच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं रेघ मारतो, म्हणजे कुणी हात लावला तर कळेल. आठ वर्षांत दारू रेघेखाली एकदाही गेली नाही. बाटलीचा पहिला पेला मात्र कडक लागायचा आणि पुढचे चौदा मऊ, जरा कडवट. मी समजायचो, बूच उघडलं की दारूतला जोर उडत असावा. डॉक्टर दरवर्षी तपासून म्हणायचे, यकृत चांगलं सुधारतंय, काय करता? मी सांगायचो, संयम.

पुस्तिकेत दारूचं गणित दिलं आहे. एक भाग दारू, चार भाग गोड रस. दारू जास्त झाली तर गोठत नाही, पातळ राहतं. गोडवा कमी पडला तर दगड होतो. मला हे लगेच समजलं. एकतीस वर्षं दूध संस्थेचा सचिव म्हणून मी दुसरं काही केलं नाही. कशात किती काय मिसळलं आहे ते पाहिलं. मी आप्पाराव आणि सिदूला बोलावलं. आप्पाराव आमचे शेवटचे चेअरमन. त्यांच्यानंतर संस्था अवसायनात गेली, कारण चारा नव्हता म्हणून जनावरं नव्हती आणि जनावरं नव्हती म्हणून दूध नव्हतं. सिदू म्हशी राखायचा आणि दूध घालायचा. त्यातल्या पाण्यासाठी त्याचं नाव मी बारा वेळा फळ्यावर लिहिलं होतं. तुम्ही तो फळा पाहिला आहे. संस्थेच्या भिंतीवर असायचा, भेसळ सापडली की सचिवानं खडूनं लिहायचं : तारीख, सभासद क्रमांक, नाव, डिग्री. आठ दिवस पुसायचं नाही. दंडापेक्षा लोक फळ्याला भ्यायचे. संस्था मिटली तेव्हा कपाट, खुर्च्या लोकांनी नेल्या. फळा आणि लॅक्टोमीटर कुणालाच नको होते, म्हणून मी घरी आणले. फळा ओसरीत टांगला आहे. (बायनाबाईनं त्यावर टँकरचे वार लिहायला सुरुवात केली होती. मी पुसले. तो फळा त्यासाठी नाही, असं म्हणालो. आता ते म्हणणं आठवतं.)

आप्पारावांना साखर आहे, म्हणून मी गूळ घातला नाही. गुळाचं काम दारू करील असा हिशेब केला आणि आंबट कैरी, मीठ, जिरं यांत गेल्या रविवारी उघडलेली बाटली बरीचशी ओतली. पुस्तिकेप्रमाणे ते फार तर पातळ राहायला हवं होतं. तसं झालं असतं तर आम्ही ते पातळच प्यायलो असतो आणि तुमची बहीण आज इथं असती. सव्वा वाजता यंत्र सुरू केलं. वीस मिनिटांत ते अडलेल्या म्हशीसारखा आवाज काढू लागलं. मग एक कडकड आवाज आला आणि मळसूत्र थांबलं. झाकण उघडलं तर आत दगड. चमचा वाकला.

आप्पारावांनी बोटानं वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "मोहनराव, हे फोडाया घण लागंल. आमाला कावून बोलिवलं, पाथरवटाला बोलवायचं."

मी म्हणालो, अशक्य आहे. एवढ्या दारूचा दगड होत नाही.

सिदू वाकलेला चमचा सरळ करत होता. तो म्हणाला, "हुतो की. पानी आसल तर हुतो." आणि मग अतिशय हळू, जसं काही तो ही वेळ यायची बारा वेळांपासून वाट पाहत होता, म्हणाला, "सेक्रेटरी, लावा की तुमची कांडी."

मी लॅक्टोमीटर आणला. बाटलीत उरलेली त्याच्या काचेच्या नळीत ओतली आणि तो सोडला. तुम्हाला माहीत असेल, दुधात तो वर तरंगतो, पाणी मिसळलं की खाली जातो, निव्वळ पाण्यात शून्यावर उभा राहतो. खऱ्या दारूत तो बुडायला हवा, कारण दारू पाण्यापेक्षा हलकी. तो शून्यावर उभा राहिला. हलला नाही. मी पुन्हा काढला, पुसला, पुन्हा सोडला. शून्य.

"पानी," सिदू म्हणाला. "लई चोख पानी. माझ्या दुधात बी येवढं नव्हतं. लिवा आता. कुनाचं नाव लिवता?"

मी म्हणालो, कोणाचं ते कळल्याशिवाय लिहिता येणार नाही.

तेव्हा बायनाबाई स्वयंपाकघराच्या दारात आली. हात पदराला पुसले. म्हणाली, "माजं लिवा. आठ साल झाली घालत्ये. कोऱ्या चहाचं पानी, काडेचिराईत टाकून. पैला पेला पिऊन झाला की बाटली बदलायची. रेघ पाहूनच भरत हुते."

बद्रीनाथराव, त्या क्षणी हसायला हवं होतं हे मला आता कळतं. आप्पाराव हसलेही. पण सिदू माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्याच्या बायकोसमोर, पोरांसमोर, बारा वेळा मी त्याचं नाव लिहिलं होतं आणि प्रत्येक वेळी म्हणालो होतो की फळ्याला आपलं-परकं नसतं. मी खडू उचलला. तारीख. सभासद क्रमांक सत्तेचाळीस. (म्हैस तिच्या नावावर आहे.) सौ. बायनाबाई मोहनराव. डिग्री शून्य. अक्षर चांगलं आलं. ते चांगलं काढायची काही गरज नव्हती.

तिनं ते वाचलं. ती म्हणाली, "येकतीस साल गावच्या दुधातलं पानी धरलं. घरातलं धरायला यंत्र लागलं." मग आत जाऊन पिशवी भरली आणि अडीचच्या गाडीनं गेली. गाडीपर्यंत तिची पिशवी सिदूनं नेली. मी ओसरीत उभा होतो. आप्पाराव दगड चाटत होते. म्हणाले, "चव बरी हाय. काडेचिराईत साखरंला चांगलं."

असो. यंत्राचं मळसूत्र मधोमध मोडलं आहे. पुस्तिकेच्या मागं एक वर्षाची हमी छापलेली दिसते, पण त्यासाठी पावती लागते आणि पावती तुमच्या कचेरीतल्या लोकांकडे असेल. ती मिळवून पाठवावी. नुसतं मळसूत्र मिळत असेल तरी चालेल, मी बसवीन. मला आता भरपूर वेळ आहे.

घरातल्या थोरांना माझा नमस्कार सांगा. लहानांना जे द्यायचं ते माझ्या नावानं तुम्हीच द्या.

तुमचा,
मोहनराव

ता. क. पावती सापडली नाही तरी फार शोधू नका. यंत्र मी चुलीमागं ठेवलं आहे. त्यात सध्या डाळ आहे.

ता. क. २. हमीचं वर लिहिलं ते खरं आहे, पण पत्र त्यासाठी नव्हतं. तिला पाठवून द्या. टँकर परवा येणार आहे, मला एकट्याला रांगेत कळशा लावता येत नाहीत. (हे कारण तिला सांगा. दुसरं काही सांगू नका.) फळा पुसला आहे. आठ दिवस झाल्यावर पुसला, नियमाप्रमाणे. आधी पुसायला हवा होता.

ता. क. ३. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. काल गुडघे फार दुखले म्हणून नारायणगडच्या औषधाची बाटली शोधली. चुलीशेजारच्या फडताळात तांदळाच्या डब्यामागं सापडली. हातावर घेतलं. कापराचा वास आला, आणि कापराच्या खालून दुसरा एक वास आला, जो मला आठ वर्षं पहिल्या रविवारपुरता भेटत होता. मी ते नळीत ओतून लॅक्टोमीटर सोडला. तो सरळ खाली गेला आणि तळाला टेकला.

म्हणजे सगळी मलाच मिळत होती. फक्त बाहेरून.

बाटली आता संपत आली आहे. कापूर किती घालायचा ते मला माहीत नाही. तिला प्रमाण विचारून कळवू नका. तिलाच घालावा लागेल.