इस्त्री उचलवेना

दादा,

प्रिय वगैरे लिहीत नाही, कारण आज डोकं फिरलंय माझं. मागे मला कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली आणि माझे दंड, मांड्या ठणकायला लागल्या. इस्त्री उचलवेना. तू आपल्या भर लाँड्रीत गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, "हिची नाटकं सुरू झाली." बाबांनी मला दिलेलं इस्त्रीचं टेबल तुझ्या मेव्हण्याला देऊन मोकळा झालास. पुढे डॉक्टरांनी रक्त तपासून गोळी बदलली, दुखणं गेलं. टेबल मात्र गेलं ते गेलंच.

आणि आज वहिनीचा फोन! तुलाही तीच गोळी सुरू झालीय म्हणे, आणि सकाळी शर्टात हात घालताना तू कळवळलास. "वन्सं, यांना काय झालं असेल हो?"

"नाटकं," असं अगदी जिभेवर आलं होतं. पण ती बिचारी रडत होती. म्हटलं, "डॉक्टरांना दाखव आणि गोळीचं आठवणीने सांग."

हे पत्र मी पाठवणार नाही. तू आधी बरा हो. मग त्याच गिऱ्हाइकांसमोर येऊन भांडणार आहे मी. कण्हणाऱ्या माणसाशी काय भांडायचं?

तुझी नाटकी बहीण