थांबा म्हणणारा हात

बाबा, आज नववीच्या वर्गात मी फळ्यावर अमेरिकेच्या सरकारचं चित्र काढत होते. एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला संसद, मध्ये दोन्हीकडे जाणारे बाण. शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मिस, बट इफ दे डोन्ट अग्री, देन व्हॉट?" उत्तर द्यायच्या आधीच माझा हात आडवा झाला, तळवा जमिनीकडे, आणि डावीकडून उजवीकडे हलला. मुलं हसली. त्यांना वाटलं, मिस कुणाला तरी गप्प बसायला सांगतायत. मी खडू ठेवला आणि उरलेला तास त्यांना धडा वाचायला लावला. घरी आले, आईने चहा दिला, तो समोर निवतोय आणि मी हे लिहायला बसले आहे.

तो हात तुमचा होता. आखातातल्या खोर फक्कान बंदराजवळच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात जेवताना बोलण्याची गरजच पडत नसे. बोट वर करून गोल फिरवलं की भात वाढ. बोट खाली करून फिरवलं की आमटी वाढ. फिरणाऱ्या बोटावर दुसरा तळवा स्थिर धरला की हळू, अगदी हळू. आई वैतागायची. "अहो, मी काय तुमची क्रेन आहे?" तुम्ही म्हणायचात, "क्रेन बरी गो, ती उलटून बोलत नाही." बंदरावर माल बांधणारा म्हणून आलेला सातवी पास माणूस क्रेनच्या केबिनपर्यंत चढला होता, आणि त्या चढण्याचा सगळा अभिमान त्या खुणांमध्ये होता. गॅलरीत उभं राहून तुम्ही मला समजावत होतात, मी दहा-अकरा वर्षांची असेन. वर बसलेल्याला माल कुठे टेकतोय ते दिसत नाही. तो खालच्या माणसाच्या हाताकडे बघून चालवतो. उचल, उतरव, फिरव हे सांगणारा एकच माणूस, तुमचा तो पेशावरचा पठाण, ज्याला मी चाचा म्हणायचे. पण थांबा कुणीही म्हणू शकतं. चहा घेऊन आलेल्याने हात आडवा केला तरी क्रेन थांबलीच पाहिजे. आणि एकदा थांबली की ज्याने थांबवली त्याने हात खाली घेऊन "चालू" म्हटल्याशिवाय हलवायची नाही. "मग कुणी उगाच थांबवलं तर?" मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "उगाच थांबवणाऱ्याला नंतर शिव्या घालायच्या. पण आधी थांबायचं."

आपल्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. रत्नागिरीला आत्याकडे राहून राज्यशास्त्रात बी.ए. केलं, परत आले, आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने मला बोलावलं, फी माफ करून, जानेवारीपासून. माझ्या सर्टिफिकेटची झेरॉक्स तुम्ही केबिनमध्ये काचेच्या वर चिकटवलीत. चाचा सांगायचे, "नया ऑपरेटर आता है तो पहले वो कागज दिखाता है, बाद में ब्रेक." व्हिसासाठी तुमची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, लागणार होती, कारण इथल्या कायद्याने मी तुमच्या व्हिसावर राहत होते. तुम्ही टायपिंग सेंटरमध्ये जाऊन ती इंग्रजीत आणि अरबीत करून आणलीत, सहीसाठी नवं पेन घेतलंत, आणि सही वाळेपर्यंत कागद हातात आडवा धरून बसलात. महिनाभर चालणारी ती एनओसी होती. महिना पुष्कळ, असं आपल्याला वाटलं.

डिसेंबरात आपण दोघं शेअर टॅक्सीने डोंगर ओलांडून दुबईला गेलो. वकिलातीच्या दारावर कागद चिकटवलेला. आतला माणूस बाहेर येईना, दारावरचा आपलाच कुणीतरी उत्तरेकडचा. "आज नहीं होगा भाईसाब. अमेरिका की सरकार बंद है." तुम्हाला हसू आलं. "सरकार भी बंद होती है क्या? दुकान है?" तो म्हणाला, "पता नहीं. खलास बोला तो खलास." आपण समोरच्या मलबारी कॅफेटेरियात परोटा खाल्ला आणि परत आलो. आठवड्याने पुन्हा गेलो. तोच कागद, तोच माणूस, आता तो आपल्याला ओळखत होता. परतीच्या वाटेवर मसाफीच्या घाटात तुम्ही छातीवर तळवा दाबून धरलात आणि ड्रायव्हरला म्हणालात, खिडकी उघड. मी विचारलं. "परोट्याचा गॅस." मी पुन्हा माझ्या वर्तमानपत्रात डोकं घातलं.

त्या दिवसांत तुम्ही पाळीवरून आलात की टीव्हीवरच्या इंग्रजी बातम्या मी तुम्हाला मराठीत सांगत होते. संसद एका पक्षाची, अध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा. खर्चाच्या कायद्यावर दोघांचं जुळलं पाहिजे, नाहीतर कचेऱ्या चालवता येत नाहीत. दोघंही म्हणतायत, समोरचा वाकल्याशिवाय आम्ही हलणार नाही. "म्हणजे संप?" तुम्ही विचारता. "संप नाही बाबा. सरकारनेच सरकार बंद ठेवलंय." "आणि माणसं?" "घरी बसवलीत." तुम्ही पडद्याकडे बघता. तिथे चांगल्या कोटातले लोक आळीपाळीने मायक्रोफोनसमोर येऊन दुसऱ्याचं नाव घेतायत. "इथे थांबवणारे हातच दिसतात," तुम्ही म्हणता, "उतरवणारा कोण?" मी सांगते की प्रश्न तत्त्वाचा आहे, दोन्ही बाजूंची काही तत्त्वं आहेत. तुम्ही चपला काढता काढता म्हणता, "तत्त्व असेल गो. पण वर लटकलेल्या मालाला तत्त्व कळत नाही, वारा कळतो." तो लटकलेला माल मी होते, एवढं मला तेव्हा कळलं होतं. माझ्यासारखे किती देशांतल्या किती दारांवर तो कागद वाचून परतत असतील, याचा मला संताप यायचा. मी त्या दोन्ही पक्षांना रोज शिव्या घालायचे. विद्यापीठाला पाठवलेला माझा निबंध तडजोडीवर होता, लोकशाही तडजोडीवरच कशी चालते यावर. मी तो तुम्हाला वाचून दाखवला होता आणि तुम्ही म्हणाला होतात, "बरोबर लिहिलंस."

जानेवारीत त्यांच्या कचेऱ्या उघडल्या. तोवर एनओसीची मुदत संपली होती आणि दारावर खिडकीपासून रस्त्यापर्यंत रांग. मला व्हिसाच्या मुलाखतीसाठी महिनाअखेरची तारीख मिळाली. विद्यापीठाने कळवलं की उशिरा आलात तरी चालेल, नाहीतर ऑगस्टमध्ये या, जागा आणि फीमाफी दोन्ही राखून ठेवू. मी नवी एनओसी मागितली. तुम्ही पेपरची घडी घातली आणि म्हणालात, "ऑगस्टला जा." कारण विचारलं तर म्हणालात, "आता थंडी असते तिकडे." मला तेवढंच पुरलं. आठच दिवसांपूर्वी आईने चिपळूणच्या स्थळाचं पत्र आलंय असं म्हटलं होतं. मी दोन आणि दोन जोडले. ऑगस्टपर्यंत ठेवून घ्यायचं, तोवर लग्न उरकायचं, मग कुठली अमेरिका. "तुम्हाला मला थांबवायचंच आहे," मी म्हणाले. "सरळ सांगा ना, बंदराच्या ऑफिसात टायपिस्ट करून मग चिपळूणला पाठवायचंय." तुम्ही म्हणालात, "मी ऑगस्ट म्हटलंय. ऑगस्ट म्हणजे ऑगस्ट." मी म्हणाले, "आणि मी जानेवारी म्हटलंय." त्यानंतर आपण बोललो नाही. दोन खोल्यांच्या घरात आई निरोप पोचवायला लागली. "तुझे बाबा विचारतायत, पाणी तापवलंय का." "त्यांना सांग, तापवलंय." मध्ये एक पडदा होता फक्त, तुम्हाला सगळं ऐकू येत होतं.

एका शुक्रवारी दुपारी आईने तुमच्यासाठी सुरमईचं कालवण केलं. आपण तिघं खाली पेपर अंथरून बसलोय. तुम्ही जेवता जेवता थांबता, माझ्याकडे बघता, दोन आठवड्यांनी पहिल्यांदा. उष्टा हात बाजूला ठेवून डाव्या हाताचं बोट खाली करता आणि गोल फिरवता. मग उजवा हात पंचावर पुसून त्याचा तळवा त्या बोटावर स्थिर धरता. हळू. उतरवतोय. आईच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलेलं मला दिसतंय. तुम्ही काय सांगणार होतात, मार्च की एप्रिल, की खरं कारण, ते मला कधीच कळणार नाही. कारण मी हात आडवा केला. तळवा खाली, डावीकडून उजवीकडे, अगदी तुम्ही शिकवलेला. तुम्ही बोट मिटलंत. "बरं," म्हणालात आणि भात कालवलात. आई म्हणाली, "अगो, ऐकून तरी घे." मी ताट उचलून उठले.

त्यानंतर तुम्ही एक अक्षर काढलं नाहीत. मला वाटत राहिलं, किती हट्टी माणूस आहे. आई रडकुंडीला येऊन म्हणायची, "तुम्ही तरी बोला हो तिच्याशी," आणि तुम्ही म्हणायचात, "तिने हात केलाय. ती म्हणेल तेव्हा." मी पडद्याच्या या बाजूला ते ऐकत होते. त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी मी विद्यापीठाला पत्र लिहिलं की मी ऑगस्टमध्ये येते. महिनाअखेरची तारीख माझ्या हातून गेलीच होती, आणि खरं तर रागही गेला होता. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं, पर्समध्ये ठेवलं. पोस्टाची पेटी घराखाली होती. पण ते पाकीट तुमच्यासमोर टाकायचं, तुम्ही आधी बोललात की मग टाकायचं, असं मी ठरवलं. मंगळवार गेला. बुधवार गेला. गुरुवारी सकाळी चाचा दारात आले. हातात हेल्मेट होतं, तुमचं. आईला बघून त्यांनी नजर खाली घातली. तुम्ही केबिनची शिडी चढत होतात, तिसऱ्या पायरीवर बसलात आणि उठला नाहीत.

चाचांनी मला इस्पितळाच्या आवारात बाजूला घेतलं. "बेटी, डॉक्टर ने डिसेंबर में बोल दिया था, दिल का ऑपरेशन करना पड़ेगा. बोलता था गर्मी की छुट्टी में मुंबई जाके करवाऊँगा, अगस्त तक ठीक हो जाऊँगा, फिर बेटी को खुद छोड़ने जाऊँगा एअरपोर्ट. मेरे को कसम दिया, घर में नहीं बताना." मी विचारलं, का नाही सांगायचं? ते म्हणाले, "बोलता था, बताऊँगा तो जाएगी ही नहीं." मग तेच म्हणाले, "लेकिन पिछले जुमे को बोल के गया था, आज बता दूँगा." तो आपल्या सुरमईचा शुक्रवार.

आमचे दोघींचे व्हिसा तुमच्यावर होते, ते तुमच्याबरोबर संपले. तुम्हाला घेऊन आम्ही गावी गेलो. ऑगस्ट आला तेव्हा मी रत्नागिरीत शिकवण्या घेत होते. विद्यापीठाला मी काहीच कळवलं नाही. बी.एड. केलं, चार वर्षांनी पुन्हा इथे आखातात शिक्षिका म्हणून आले, आता खलिफा सिटीत एका व्हिलातली मागची खोली आहे, आणि आई माझ्या व्हिसावर राहते. तिच्या कागदांवर सही मी करते. अमेरिकेतल्या त्या दोन पक्षांचं वाकडं नंतर वाढतच गेलं, बाबा. एवढ्यात निवडणूक झाली तर मतं कशी मोजायची यावरही कोर्टापर्यंत गेले. मी अजून रोज वाचते, अजून मुलांना तळमळून शिकवते. पण एक गोष्ट माझ्या निबंधात नव्हती. त्या हिवाळ्यात ज्यांनी कचेऱ्या बंद ठेवल्या, त्यांच्यापैकी कुणाच्या घरातलं काही बंद पडलं नाही. मोकळे झाले, हात मिळवले, फोटो काढले. खाली कोण उभं होतं ते त्यांनी बघितलं नाही, आणि त्यांच्यावर रागावायचा हक्क मी एका दुपारी, पेपर अंथरून बसलेली असताना, घालवून बसले.

आज त्या मुलीला मी उत्तर दिलं नाही. उद्या ती पुन्हा विचारेल. मी तिला सांगणार आहे की थांबवण्याचा अधिकार सगळ्यांना हवा, तो फार मोलाचा आहे, पण जो थांबवतो त्यानेच हात खाली घ्यायचा असतो. ती वहीत लिहून घेईल.

चहावर साय धरलीय. आई विचारतेय, एवढं काय लिहितेस. शाळेचं काम, असं मी सांगितलं. हे कागद मी त्या जुन्या पाकिटाबरोबर ठेवणार आहे, तिकीट लावलेल्या, अजून बंद असलेल्या. आईला ते पाकीट माहीत नाही. तिला मी इतकी वर्षं एवढंच सांगत आले की त्या दिवशी रागाच्या भरात हात केला, थांबवणाऱ्यानेच चालू म्हणायचं असतं हा तुमचा नियम माझ्या लक्षात राहिला नव्हता, नाहीतर मी त्याच संध्याकाळी बोलले असते. तिने ते खरं मानलं.

लक्षात होता, बाबा. सगळे सहा दिवस.