आबांचा बँडवाला कोट

धरणगाव, बुधवार, जानेवारी १९८८

आज मुलीकडची माणसं माझ्या स्थळासाठी आमचं घर बघायला येणार, म्हणून सकाळीच आबांना म्हणालो, "आजच्या दिवस तो लाल कोट आणि ते बूट नका घालू." आबा एका व्यापाऱ्याची घोड्यांची शिंगरं रोज दिवेलागणीला रस्त्यावर फिरवतात. मध्यस्थाला मी वडिलांची नुसती शेतीच सांगितली आहे.

कोट बँडवाल्यांचा जुना, जरीचा. गाडीच्या दिव्यात लांबून चमकतो. बूट इतके जाड, की शिंगराचा पाय पडला तरी बोटं वाचतात. गाव हसतं. मला गावाचंच पडलेलं!

आबा एवढंच म्हणाले, "बरं, तू म्हनस तसं." संध्याकाळी मळकट सदरा आणि माझ्या चपला घालून गेले. लंगडत परत आले. एक जीप अगदी जवळून गेली, शिंगरू बिथरलं आणि त्यांच्या पायावर चढलं. तरी दोर त्यांनी सोडला नाही.

मी हळद शोधतोय तोवर पाहुणे आलेच. जीपमधून. ज्या खाटेखाली मी कोट कोंबला होता, तिच्यावरच बसले.

चहा घेता घेता मुलीचे वडील म्हणाले, "एक घोडेवाला आत्ता गाडीखालीच यायचा. एरवी येता-जाता या रस्त्यावर एक लाल कोटवाला असतो, तो कसा लांबूनच दिसतो. तुमच्या ओळखीचा आहे का हो?"

मी म्हणालो, "नाही बुवा. असेल कोणीतरी."

आबा आत पाय धरून बसले होते. मध्ये नुसता पडदा आहे.