ओवाळणीचं ताट आणि डावा पाय

आई, तुझा डावा पाय आता माझ्याकडे आलाय. पाळी थांबून पाच वर्षं झाली, आणि गेल्या पावसाळ्यात बाजारात विळीवरून उठताना एकदम जाणवलं की उजवा पाय मला उभं करतो आणि डावा नुसता बरोबर येतो. पुढच्या महिन्यात माझ्या लेकीचं लग्न आहे. जावयाला ओवाळायला ताट घेऊन मांडवाच्या दारापर्यंत मला नीट चालत जायचंय, म्हणून दवाखान्यात गेले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीच्याच वयाच्या. त्यांनी टेपने दोन्ही मांड्या मोजल्या, एकेका पायावर उभं केलं. डाव्यावर पाच आकडे मोजायच्या आत मी टेबल धरलं. मग विचारलं, काम काय करता? म्हटलं, मासळी विकते, कापून देते. "बसून दाखवा." मी तिथेच फरशीवर बसले, अगदी तुझ्यासारखी. उजवा पाय विळीच्या पाटावर असल्यासारखा उभा, डावा मुडपलेला, उठतानाही सगळा जोर उजव्यावर. त्या म्हणाल्या, "मावशी, तीस वर्षं एकाच पायाला राबवलंत. पाळी गेल्यावर स्नायू लवकर उतरतात, आणि जो आधीच कच्चा तो आधी दगा देतो." मी तुला आळशी समजत होते गं, पाय उचलून टाकायचा कंटाळा करतेस म्हणून.

आता रोज सकाळी ओटा धरून डाव्या पायावर उभी राहते. खुर्चीवरून उठताना भार डावीकडे टाकते, रबरी पट्टा बांधून तो पाय बाजूला नेते. पहिल्या महिन्यात मी काय केलं माहितीये? डावा दहा वेळा आणि उजवा वीस वेळा. उजव्याने छान जमायचं, हुरूप यायचा. बाईंनी कपाळाला हात लावला. पण तूही तशीच होतीस. पाणी आणायला, टोपल्या धुवायला हाक मलाच, कारण मी ऐकायचे, आणि धाकटी बहीण खुशाल पुळणीच्या वाळूत हुंदडायची. आता बाजारातही मी उलटी बसते, डावा पाय पाटावर. पहिल्या दिवशी सुरमईच्या तुकड्या इतक्या तिरक्या पडल्या की शेजारची ओरडली, "अगो, मासा कापतंस का सूड घेतंस?" तू असतीस तर तूच आधी हसली असतीस. फार आठवण आली तेव्हा.

माझ्या लग्नात ताट तुझ्याच हातात होतं. वऱ्हाड खाडीपलीकडून येऊन मांडवाशी थांबलं होतं, तू नवी साडी नेसून निघालीस, पाय ओढत. मी आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसलेली, तुला हाक मारली आणि म्हटलं, "तू नको जाऊस. काकूला पाठव. ते लोक तुझा पाय बघतील." तू म्हणालीस, "बरं गो बाय. मी हितं बरी हाय." ताट काकूच्या हातात दिलंस आणि पंगती उठेपर्यंत मागीलदारी विळीवर बसून भाजी चिरत राहिलीस. उजवा पाय पाटावर.

काल लेक माझा व्यायाम बघत दारात उभी होती. म्हणाली, "आई, ताट तूच घ्यायचं हां. पाय ओढला तर ओढू दे, वेळ लागला तर थांबतील ती माणसं." मग सहज विचारलं, "तुझ्या लग्नात आजीने ओवाळलं नव्हतं ना? डोकं दुखत होतं तिचं?"

तुझं डोकं दुखत नव्हतं, आई. ते खोटं मी काकूला सांगितलं होतं, मग बाबांना, आणि पुढे लेकीलाही तेच. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही, पण तिला तरी काल खरं सांगता आलं असतं. मी "हो" म्हटलं आणि ओटा धरून पुन्हा डाव्या पायावर उभी राहिले.