स्लेट हार्बरच्या पोकरमधली माझी जागा कोणाला

मी, लिडिया कोस्की, वय पंचवीस, राहणार मिल रोड, स्लेट हार्बर, मिशिगन, काम स्नोमोबाइल दुरुस्तीचं, हे सगळं माझ्या मर्जीने लिहून ठेवतेय. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दमदाटी केलेली नाही. प्यायलेलीही नाही, कारण डॉक्टरांनी बिअर बंद केलीये. लॉयर मॅडम म्हणाल्या, "अगं, इतकं बोलल्यासारखं नको लिहूस." मी म्हटलं, वाचणारे माझेच लोक आहेत, त्यांना माझा आवाज तरी ओळखू येऊ दे.

आत्ताच लिहायचं कारण असं, की परवा माझी डावी किडनी वेन्डल मामाला बसवणार आहेत. सर्जन म्हणतात, देणाऱ्याला सहसा काही होत नाही. त्या 'सहसा'मुळे हा कागद. आई-बाबा मी लहान असतानाच गेले, मामाने मला वाढवलं, रक्ताचं माणूस तेवढंच. म्हणजे मी काही लिहिलं नाही तर माझं सगळं त्यालाच जाणार. जाऊ दे. फक्त एक गोष्ट जाता कामा नये. ती पुढे येतेच आहे.

कलम एक. घर भाड्याचं आहे, विषय संपला. बँकेत जे काही असेल ते मामाच्या औषधांना.

कलम दोन. माझी सगळी हत्यारं अग्निशमन हॉलला. टॉर्क पाना कोणी हातोडी म्हणून वापरला तर मी भूत होऊन येईन.

कलम तीन. कुत्रा या वाटणीत नाही, तो आधीपासूनच नोरीन पेलकीचा. ती हॉलचं स्वयंपाकघर आणि जागांची वही बघते आणि तो तसाही तिच्याकडेच जेवतो. माझ्याकडे फक्त झोपायला येतो.

कलम चार. हॉलमध्ये दर फेब्रुवारीत हौशी लोकांचा पोकर असतो, त्यातली टेबल तीनवरची माझी जागा.

बाहेरच्या कोणाच्या हातात हा कागद पडला तर कळावं म्हणून सांगते. जागेचे साठ डॉलर, ते हॉलच्या बंबासाठी. ऑक्टोबरमध्ये जो आधी येऊन पैसे भरेल त्याची जागा कायम. ती दुसऱ्याच्या नावावर करता येते, वारशानेही जाते. खुर्ची मात्र ज्याने त्याने घरून आणायची. हॉलकडे खुर्च्या नव्हत्या तेव्हापासूनची पद्धत आहे, आता आहेत तरी आम्ही आणतो. मध्यंतरी कोणीतरी आमचा व्हिडिओ ऑनलाइन टाकला आणि शिकागोचे लोक एकेका जागेला सातशे डॉलर द्यायला लागले. तिथून मामाचा धंदा सुरू झाला.

इरमा ट्रेवेनाकाकूंचा नवरा वारला त्या आठवड्यात मामा त्यांच्याकडे पास्टीचं, म्हणजे आमच्याकडच्या खिम्याच्या मोठ्या करंज्यांचं, ताट घेऊन गेला आणि काकांची जागा घेऊन आला. साठ डॉलर रोख दिले, त्यात खोट नाही. काकूंना तेव्हा काहीच नको होतं, पत्तेही नाहीत. मग त्याने ती जागा एका दाताच्या डॉक्टरला सातशेला विकली.

खुर्चीचं सांगायला मात्र विसरला. तो बिचारा डॉक्टर गाडीतली कॅम्पिंगची खुर्ची घेऊन आत आला. ती इतकी बुटकी की त्याची हनुवटी टेबलाला टेकली. सगळा हॉल हसला, खुर्ची कोणी दिली नाही. काकू घरी गेल्या, काकांचीच खुर्ची उचलून आणली आणि म्हणाल्या, "बसा डॉक्टर, मान आखडेल." मग स्वयंपाकघरात जाऊन कप विसळत बसल्या. मला पोकर शिकवला तो याच बाईने; काकांच्या जागेवर अर्धे डाव त्याच खेळायच्या. पुढच्या ऑक्टोबरमध्ये त्या हॉलवर जागा मागायला गेल्या. एकही शिल्लक नव्हती. अजून नाहीये.

मामाशी यावर माझं गेल्या रविवारीच वाजलं. त्याचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते, नाहीतर म्हणेल एकतर्फी लिहिलं.

"शिकागोवाला खुशीने देतो, मी खुशीने घेतो. रडतंय कोण?"

"ज्याच्याकडे साठ आहेत आणि सातशे नाहीत, तो."

"त्याने लवकर उठावं."

"मामा, तू चार-चार जागा धरून बसलास तर कितीही लवकर उठून काय उपयोग? आणि वरच्या पैशातला एक सेंट तरी बंबाला गेला का?"

"बरं. मग उद्या इरमाला जागा मिळाली आणि तिने ती सातशेला विकली तर?"

"विकू दे की."

"वा गं वा. तिने केलं की पुण्य, मी केलं की पाप?"

"ती तिथे बसून हरलीये, मामा. तू एकदा तरी खुर्ची नेलीस का तिथे?"

यावर तो म्हणाला की त्याला डायलिसिसला उशीर होतोय. खरंच होत होता, मीच सोडायला गेले. गाडीतून उतरताना म्हणाला, "फार तोंड चालतं तुझं. आईवर गेलीस."

तर, टेबल तीनवरची माझी जागा इरमाकाकूंना. कायमची, काहीही न घेता. त्यांनी खेळावं, नाहीतर विकावी, कितीलाही, अगदी हजारालाही. ज्याने तिथे बसून पानं धरलीत त्याला ती सोडायची किंमत लावायचा हक्क आहे. जो विकायलाच घेतो, त्याला नाही. माझं मत एवढंच आहे आणि मेल्यावरही ते बदलणार नाही.

कलम पाच. किडनी या कागदात येत नाही, ती आधीच दिलेली असेल. ती बक्षीस आहे. मामाने मीठ कमी खावं.

साक्षीदारांबद्दल. काकूंना सही करायची होती, पण लॉयर मॅडम म्हणाल्या, ज्याला काही मिळतंय त्याने साक्षीदार नसलेलं बरं. मामाला म्हटलं तूही राहू दे, तुझ्याही औषधांचे पैसे आहेत यात. तर म्हणाला, "बँकेतलं ते सगळं हॉलला लिही. तुझ्या पैशाने गोळ्या खायच्या नाहीत मला." म्हणून कलम एक बदललंय असं समजावं: बँकेतलं सगळं हॉलला. आता त्याला यातून काहीच मिळत नाही, त्यामुळे तो सही करू शकतो.

स्थळ: अग्निशमन हॉल, स्लेट हार्बर
तारीख: ९ जानेवारी २०२५

सही: लिडिया कोस्की

साक्षीदार १: नोरीन पेलकी. लिडियाने माझ्यासमोर सही केली. कुत्रा पायाशी होता, त्याचीही हरकत दिसली नाही.

साक्षीदार २: वेन्डल लाम्पी. सगळं वाचलं. कलम चार मला पटलेलं नाही. आज दुपारी माझ्याकडच्या चारपैकी एक जागा इरमाच्या नावावर करून दिली. साठ डॉलर घेतले, वर काही नाही. खाली नोरीनने हॉलचा शिक्का मारलाय. तेव्हा इरमाला जागा मिळावी म्हणून या पोरीने मरायचं आता काही कारण उरलेलं नाही.