तीन थाउ कमी

५ ऑक्टोबर

जबडा दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले. सहा आठवडे असंच. जोलीनच्या गळ्यात दोरीला बांधलेली छोटी पक्कड आहे. उलटी झाली तर तारा तोडायच्या, नाहीतर गुदमरेल. तेवीस वर्षांची माझी पोर, गळ्यात पक्कड घालून माझ्या स्वयंपाकघरात बसलीय!

डेलने मारलं. नवऱ्याने. पाइपपान्याने. कशावरून? बटाटे करपले.

ती बोलते ते इतरांना नुसतं घूं घूं ऐकू येतं. मला कळतं. सूप नळीने ओढून झाल्यावर पहिलं वाक्य बोलली :

"आई, तो येईल."

७ ऑक्टोबर

हार्लन येऊन गेला. शेरीफच्या हाताखाली आहे, शाळेत माझ्या वर्गात होता. टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "लुएला, न्यायाधीशबाईंनी हुकूम काढलाय. डेलने तुझ्या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही."

"टाकलं तर?"

"मला फोन कर."

"किती वेळात पोचशील?"

खोटं बोलता येत नाही त्याला. "रस्त्यावर बर्फ नसेल तर पाऊण तास."

पाऊण तास! जबडा मोडायला एक क्षण पुरला.

८ ऑक्टोबर

घरात एकच बंदूक उरलीय. फेब्रुवारीत वेंडल गेला, मातीला आलेले पाहुणे अजून जेवत होते आणि डेल त्याच्या तीन चांगल्या बंदुका गाडीत भरत होता. "मी सांभाळतो ना, सासूबाई." मी नेऊ दिल्या. तेव्हा तो जावई होता.

ही एक सोडली, कारण हिची काडतुसं दुकानात मिळत नाहीत. वेंडलच्या आजोबांची बंदूक. तिच्या गोळ्या वेंडल स्वतः ओतायचा. शिसं वितळवायची कढई, पळी, लोखंडी साचा, सगळं छपरीत आहे. वीस वर्षं मी शेजारी बसून मोजे विणले. एकदाही पळी हातात घेतली नाही.

आज घेतली. साचा मी उन्हाळ्यातच घासूनपुसून लख्ख करून ठेवला होता. शिसं ओतायचं, थिजू द्यायचं, वरची पट्टी लाकडी हातोडीने ठोकून फिरवायची, साचा उघडायचा. टॉवेलवर टपकन गोळी! पहिल्या सुरकुतलेल्या आल्या, नंतरच्या छान आल्या. गुळगुळीत. जोलीन शेजारी ब्लँकेट पांघरून बसली होती. वाटलं, जमलं की!

९ ऑक्टोबर

जमलेलं नाही.

वेंडलच्या जुन्या टरफलांत बंदुकीची दारू आणि माझ्या गोळ्या भरल्या, पन्नास पावलांवर कुंपणाला कागद लावला. बहुतेक गोळ्या कुठे गेल्या देव जाणे. लागल्या त्यांची भोकं गोल नाहीत, आडव्या चिरा आहेत. गोळी कोलांट्या खात जातेय. नळीत शिशाचे पापुद्रे चिकटलेत.

डबीच्या तळाशी वेंडलने ओतलेली एक गोळी सापडली. जोलीनने त्याचा मायक्रोमीटर काढला, मला न विचारता. आधी त्याची गोळी मोजली, मग माझी. बोटं वर केली. तीन.

तीन थाउ कमी. इंचाच्या हजार भागांतले तीन, म्हणजे डोक्यावरचा एक केस. एवढ्याने गोळी नळीतल्या आट्यांना धरत नाही, सैल सुटते. एक केस! आणि त्या केसावर माझ्या पोरीचा जीव.

११ ऑक्टोबर

सकाळी आमचा कुत्रा, टिक, भुंकला नाही.

फाटकाच्या खांबाला कुंपणाच्या तारेने बांधला होता. गळा चिरलेला. डोळे उघडे. मी तारा सोडवत होते तर बोटं रक्तात निसटत होती. गरम नव्हतं ते, तरी चिकट होतं.

हार्लन म्हणाला, "फाटकाच्या आत आला नाही तो."

खरंय. फाटकावरच केलं सगळं.

१२ ऑक्टोबर

टिकला पुरलं. जमीन इतकी गोठलीय की कुदळ उडून माझ्याच नडगीवर आली. बरं वाटलं लागलं ते.

१४ ऑक्टोबर

साचा थंड असेल, असं वाटलं होतं. आज कढईच्या कडेवर टेकवून चांगला तापवला. गोळ्यांच्या कडा धारदार आल्या. सुरेख. तरी तीन थाउ कमीच!

संध्याकाळी डेलचा फोन. गोड आवाज. "रस्त्यावरून तुमचा कागद बघितला. आडव्या चिरा! सासूबाई, तुम्ही गोळ्या झाडताय की बटाटे फेकताय?" हसला. मग म्हणाला, "तिला द्या फोन. नाही का बोलता येत? अरेरे. मग ऐकायला लावा."

मी ठेवून दिला. जोलीन भिंतीला पाठ लावून उभी होती. आवाज तिच्यापर्यंत पोचला होता.

मला कुणाचा राग धरता येत नाही असं आई म्हणायची. आई, आता बघायला हवी होतीस तू. भाजी चिरताना सुरीचं टोक फळीत रुतून बसलं, दोन्ही हातांनी ओढून काढावं लागलं.

१६ ऑक्टोबर

ऑरिन आला. पलीकडच्या टेकडीवरचा म्हातारा मेंढपाळ. वेंडल आणि तो हिवाळाभर छपरीत बसून गोळ्या ओतायचे आणि एकमेकांच्या नेमाला नावं ठेवायचे.

"शिसं कुठलं घेतलंस?"

"छपराच्या पन्हाळीचं. वेंडलने जपून ठेवलेलं."

"अगं, ते लोण्यासारखं मऊ. थिजताना आकसतं. त्याची तो मासे धरायच्या गळाला वजनं करायचा! जॉन्सनच्या बंद पडलेल्या छापखान्यातले अक्षरांचे खिळे घाल त्यात. कडक धातू आहे, कमी आकसतो."

जोलीन काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतेय पोर?"

"आधी का नाही आलात, म्हणतेय."

"तुझी आई मला बघितलं की जेवायला वाढते म्हणून. पोटाचं ऑपरेशन झालंय माझं!" जोलीनच्या डोळ्यांत हसू आलं. बारा दिवसांत पहिल्यांदा.

खिळे आणून घातले. एक थाउ वाढला. अजून दोन हवेत.

१९ ऑक्टोबर

तीन मेंढ्या. रस्त्यावरून मारल्या, दिवसाढवळ्या. दोन जागीच गेल्या. तिसरीचं पोट फाटलं होतं आणि ती पुढच्या पायांवर स्वतःला ओढत माझ्याकडेच येत होती. माझ्याकडे! मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, बरं बरं म्हटलं, आणि सुरी चालवली. पाय झाडत होती तोवर धरून ठेवलं.

रस्त्याच्या कडेला रिकामी काडतुसं पडली होती. वेंडलच्या बंदुकीची. माझ्या नवऱ्याच्या बंदुकीने माझ्या मेंढ्या.

ती तिसरी मी बाटलीच्या दुधावर वाढवलेली. लिहायचं नव्हतं हे. लिहिलं.

२० ऑक्टोबर

ऑरिनने आज साचा हातात घेतला, उघडला, खिडकीपाशी नेला. आतल्या बाजूवरून बोट फिरवलं.

"एवढा चकचकीत कसा हा?"

"मी घासला. तारेच्या ब्रशने. वेंडल गेल्यावर त्याच्या सगळ्याच वस्तू स्वच्छ केल्या."

"आतल्या बाजूला काही चिकटलेलं होतं?"

होतं. काळपट, करपलेलं, कागदासारखं. एक पूर्ण दुपार लागली होती ते खरवडायला.

ऑरिन हळूच म्हणाला, "पोरी, तो मळ नव्हता."

या बंदुकीची नळी पहिल्यापासून जरा मोठी आहे आणि साचा बाजारातला, नेहमीच्या मापाचा. म्हणून वेंडलने साच्याच्या एका फाकेवर, भोकांच्या दोन्ही बाजूंना, धुराड्याच्या सांध्यांवर लावतात ती चंदेरी चिकटपट्टी डकवली होती. त्याने दोन फाकांमध्ये केसाएवढी फट राहते. तेवढीच गोळी जाड.

बायका नवरा गेल्यावर त्याचे शर्ट धुवत नाहीत, वास जाईल म्हणून. मी धुतले. वाटलं, तो टापटिपीचा माणूस, त्याचं सगळं लख्ख ठेवावं. त्याच्या हातचं शेवटचं काम मी माझ्या हातांनी खरवडून काढलं, आणि काढताना गुणगुणत होते!

ऑरिनने रुमाल दिला. म्हणाला, "माझ्या बायकोने माझा पाइप साबणाने धुतला होता. मी अजून जिवंत असताना."

रडता रडता हसले मी.

२१ ऑक्टोबर

पट्टी जोलीनने कापली. तिचे हात बापाचे आहेत. साचा मिटवून उजेडात धरला तर फाकांमध्ये उजेडाची एक रेघ. ओतलं. मोजलं. तिने मायक्रोमीटर माझ्यापुढे धरला. बरोबर! वेंडलच्या गोळीएवढी. अगदी तेवढी!

गोल भोकं. सगळी गोल, एकमेकांना चिकटून. तळहाताने झाकता आली. मी झाकून बघितली आणि मनात आलं, माणसाची छाती यापेक्षा किती मोठी असते. आणि आनंद झाला. खराखुरा आनंद, नाताळात होतो तसा. मग त्या आनंदाची भीती वाटली.

मला कुणाला मारायचं नाही. तो फाटकाच्या आत आला आणि दुसरा उपाय उरला नाही तर, एवढ्यासाठीच. हे इथे लिहून ठेवते.

जोलीन म्हणाली, "मलाही मारून बघायचंय." घरी आल्यापासून तिने पहिल्यांदा काही मागितलं! मी बंदूक दिली. दस्ता गालाला लागला की जबडा ठणकतो, म्हणून उशीचा तुकडा बांधला. माझ्यापेक्षा चांगला नेम. पोर माणसात येतेय.

२४ ऑक्टोबर

शनिवारी शिकारीचा हंगाम उघडतोय. शाळा बंद, दुकानं बंद, सगळे पुरुष आणि निम्म्या बायका डोंगरात. खोरंभर बंदुका तपासायचे आवाज.

डेलचा फोन जोलीननेच उचलला. मी तिच्या कानाला कान लावला.

"शनिवारी येतो, राणी. त्या दिवशी गोळीचा आवाज कोण ऐकतंय? आधी तुझी आई, तुझ्यादेखत. मग आपण दोघं घरी जाऊ."

हार्लनला कळवलं. म्हणाला, शनिवारी दुपारी दारात गाडी उभी करतो. दोन तास तरी नक्की.

जोलीन शांत होती. ताटल्या धुतल्या, पुसल्या, जागच्या जागी ठेवल्या.

२६ ऑक्टोबर, शनिवार

कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे. नंतर या वहीला चूल आहेच.

उजाडताना उठले तर तिचं अंथरूण घडी केलेलं. बंदूक नाही. ट्रक नाही.

ऑरिनकडे धावत गेले, त्याची जीप घेतली. नदी ओलांडली, डेलच्या ट्रेलरपाशी, त्याच्या चाकांवरच्या घरापाशी पोचले. डोंगरात चहूकडे बार होत होते. मला वाटत होतं, यातला कुठला?

डेल पायरीवर पडला होता. पायांत बूट, हातात कॉफीचा मग. छातीत भोक, कोटाच्या बटणाएवढं. मागची भिंत बघवली नाही. पाय अजून थरथरत होता, मग थांबला. मी थांबलेला बघितला.

जोलीन उलट्या बादलीवर बसली होती. बंदूक मांडीवर. तारांमागून म्हणाली, "तुला मारणार होता ना."

मी तिचं डोकं पोटाशी धरलं. मग म्हटलं, "ट्रक घेऊन घरी जा. कपडे चुलीत घाल. तू आज घराबाहेर पडली नाहीस."

तिने मान हलवली, नाही नाही. मी तिच्या थोबाडीत मारणार होते — हात वर गेलाही! जबडा आठवला. हात खाली घेतला. तोच हात तिच्या केसांवर ठेवला आणि म्हटलं, "जा."

बंदूक आणि काडतुसं मी ठेवून घेतली होती; ती गेल्यावर एक गोळी भरली, दस्ता उघड्या खांद्याला लावला आणि जमिनीत झाडली. मग आणखी एक. खांदा काळानिळा व्हायला हवा होता, हाताला बंदुकीच्या दारूचा वास यायला हवा होता.

खोऱ्यात कुणीही वळून बघितलं नाही.

मग डेलच्या घरात जाऊन हार्लनला फोन केला.

२७ ऑक्टोबर

हार्लनने काल चौकीत माझी जबानी घेतली, मीच मारलं अशी, आणि रात्रीपुरतं घरी सोडलं, लहानपणापासून ओळखतो म्हणून. आज न्यायला आलाय. मेंढ्यांना चारा टाकून ये म्हणाला. गोठ्यात उभ्याने लिहितेय.

जोलीन त्याच्या कोटाला दोन्ही हातांनी धरून ओरडत होती. तारांमागून, शिरा ताणून, पुन्हा पुन्हा तेच, "मी मारलं, मी." हार्लनला घाम फुटला.

"काय म्हणतेय ती, लुएला?"

मी म्हटलं, "आईला नेऊ नका, म्हणतेय."