भुकेची अट पुन्हा लावण्याबाबत

प्रति,
मा. निर्वाह भत्ता अधिकारी,
भत्ता वाटप कार्यालय, दुसरा मजला.

विषय : काम न करणाऱ्यांस, विशेषतः अर्जदाराच्या पत्नीस, मिळणारा निर्वाह भत्ता तात्काळ बंद करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे उत्तर : ‘भत्त्यास कोणतीही अट नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’

महोदय,

१. वरील उत्तर वाचून अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड झाला, हे प्रथम नमूद करणे भाग आहे. प्रत्येक सज्ञान माणसाच्या खात्यात दरमहा सारखीच रक्कम, मग तो राबो की लोळो, हा न्याय कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाला ते अर्जदार विचारत नाही. विचारून काय उपयोग? परंतु नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, एवढे तरी भत्ता मंजूर करणाऱ्यांस ठाऊक असायला हवे होते.

२. अर्जदार कातडी कमावण्याच्या कारखान्यात मुकादम होता. तेथील काम साहेबांनी पाहिलेले नसावे. ओल्या कातड्यांचे ढीग, चुन्याचे हौद, आणि घाण पाण्यात उभे राहून केस खरवडणारी माणसे. अशा जागी कोणी हौसेने येत नाही, हाणून आणावे लागते. सबब सकाळचा भोंगा झाल्यावर जो सर्वांत शेवटी फाटकातून येई, त्याच्या पाठीत अर्जदार कमरेचा पट्टा एकदाच, पण मनापासून ओढत असे. कामगार यास ‘बोहनी’ म्हणत. बोहनी झाली की दिवसभर कोणाची जीभ वळवळत नसे. यात अर्जदाराचा कोणावरही वैयक्तिक राग नव्हता.

३. भत्ता सुरू झाला आणि एकेकाला शिंगे फुटली. पहिला भत्ता जमा झाल्यानंतरच्या सकाळी शेवटी आलेला इसम कारखान्यात गोगलगाय या नावाने ओळखला जातो. वर्षानुवर्षे बहुतेक बोहन्या त्याच्याच पाठीवर झालेल्या. अर्जदाराने उगारलेला पट्टा त्याने वरच्यावर धरला, आणि आता काम गेले तरी आपली पोरे उपाशी मरत नाहीत, असे शांतपणे सुनावले. मग बाकीचे हातातल्या सुऱ्या खाली ठेवून आले. अर्जदाराचा उजवा हात कातडी खरवडण्याच्या ओंडक्यावर दाबून धरण्यात आला व त्यावर पहार घालण्यात आली. हाड मोडल्याचा आवाज अर्जदाराने स्वतः ऐकला. त्यानंतर त्यास चुन्याच्या हौदात डोक्यासकट बुडवण्यात आले. डावा डोळा गेला तो गेलाच. या मारहाणीस आपले कार्यालय कितपत जबाबदार आहे, ते ठरवण्याचे काम अर्जदार आपणांवरच सोपवतो.

४. दवाखान्यातून अर्जदार घरी आला. हात गळ्यात, डोळ्यावर पट्टी, आणि ताटात निवलेले जेवण. माणसाचा पारा चढणारच. अर्जदाराने पत्नीचे डोके, एका हाताने जमेल तेवढ्या बेताने, दाराच्या चौकटीवर आपटले. पूर्वीही असे घडत असे, पण त्याबद्दल कोणी कधी कोठे अर्ज केला नव्हता. या वेळी तिने कपाळाचे रक्त फडक्याने पुसले, मुलीला उठवले आणि चपला घातल्या. कुठे मरायला चाललीस, अशी अर्जदाराने चौकशी केली. त्यावर ती म्हणाली, “पोटासाठी राहिले होते. आता पोटाचं भागतंय.”

५. सध्या ती शिंप्याच्या दुकानावरील खोलीत राहते. अर्जदार समोरच्या फुटपाथवरून पाहत असतो. ती काहीही करत नाही, साहेब. खिडकीत बसून मुलीची वेणी घालते, मनासारखी झाली नाही की सोडते, पुन्हा घालते, आणि दोघी हसतात. याला काम म्हणायचे काय? अर्जदार जन्मभर घाण वासात उभा राहिला, त्यालाही तेवढीच रक्कम आणि हिलाही तेवढीच! याबाबत समक्ष खुलासा मागण्यासाठी अर्जदार लाथेने दार फोडून आत गेला असता, शिंप्याने धावत येऊन तापलेली इस्त्री त्याच्या मानेवर टेकवली. व्रण दाखवण्यास अर्जदार केव्हाही हजर राहील.

६. आपल्या खिडकीवरील कारकून बाईंनी सांगितले की कामाची अट घातली तर पहिली कुऱ्हाड अर्जदारावरच पडेल, कारण हात मोडल्यापासून तोही काही न करता भत्त्यावरच जेवतो. हे खरे आहे. ते ऐकून अर्जदाराने काचेवर डोके आपटले व काच फुटली, त्याबद्दल तो दिलगीर आहे. तरीही न्याय म्हणजे न्याय. अर्जदाराचा भत्ता खुशाल बंद करावा. तो उकिरडे फुंकेल, पाणी पिऊन झोपेल. पण तिचाही बंद व्हावा. मुलीचे हाल होतील, हे बाप म्हणून त्यास कळत नाही असे नाही. थोडे दिवस होतील. मग दोघी आपणहून दारात येतील. आजवर दोनदा गेली होती, दोन्ही वेळा अशीच आली.

७. सबब अट लावण्याचे आदेश व्हावेत. ते आपल्या अधिकारात नसल्यास, भूक सोडून दुसऱ्या कशासाठी ती अर्जदाराकडे परत येईल, एवढे तरी कार्यालयाने लेखी कळवावे. अर्जदाराने स्वतः यावर पुष्कळ डोके खाजवले. त्याला एकही गोष्ट सुचली नाही.

उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
माजी मुकादम
(सही डाव्या हाताने केली आहे, कृपया ग्राह्य धरावी.)

दिनांक : भत्ता जमा झाल्याचा दुसरा दिवस